रोल नंबर अठ्ठेचाळीस

शिंदखेड्याच्या शाळेत आमची दहावी ब.
पत्र्याखाली सत्तेचाळीस डोकी,
फेब्रुवारीतच बाक तव्यासारखे.
भूगोलाचे गिरासे सर हजेरी घ्यायचे
मान वर न करता, एका सुरात,
रजिस्टर नव्हे, गाड्यांचं वेळापत्रक वाचल्यासारखी.

आणि भाईदासकडे चार आवाज होते.
एक स्वतःचा,
एक निंबाचा, तो कायम कपाशीवर फवारणीला,
एक घोगरा, लोटनसाठी.
चौथा राखीव.

एका मंगळवारी सत्तेचाळीस नावं संपली
तरी सर थांबले नाहीत.
त्याच सुरात म्हणाले,
"अठ्ठेचाळीस. धुडकू झिपरू वाघ."

"हजर सर!"

चौथा आवाज.

वर्गात नुसता पंखा वाजत राहिला.
भाईदासने जीभ चावली, पण ती आता काय कामाची.
सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
आम्हाला वाटलं, आली छडी.
सरांनी पेन्सिल घेतली,
रजिस्टरात सगळ्यांत खाली नाव लिहिलं,
"बस खाली, धुडकू," म्हणाले,
"आज पर्जन्यछायेचा प्रदेश."

मग काय, धुडकू शाळेत यायला लागला.
त्याची वही मी घातली,
अक्षर सरलाचं, डाव्या हाताने काढलेलं.
घटक चाचणीत प्रश्न होता: तापी कोणाला मिळते?
धुडकूने लिहिलं: ज्याचं शेत काठावर आहे त्याला.
सरांनी अर्धा गुण दिला, बाजूला लाल शाईत शेरा:
"उत्तर खरं आहे. विषय चुकला."

कधी सर विचारायचे, "आज वाघ दिसत नाही?"
"सर, त्यानी म्हैस व्यायनी."
"काय झालं?"
"पारडी, सर."
सर फळ्याकडे वळून खडू शोधत म्हणाले,
"मग खरवस?"
दुसऱ्या दिवशी टेबलावर डबा.
लोटनच्या घरचा, धुडकूच्या नावाने.
सरांनी अख्खा तास झाकण उघडलं नाही,
घंटा झाली तसे डब्यासकट निघून गेले.

मार्चात धुळ्याहून साहेब आले तपासणीला.
डोकी मोजली, सत्तेचाळीस.
रजिस्टर मोजलं.
"हा धुडकू वाघ कुठे आहे?"
सरांचा चेहरा खडूसारखा.
पेन्सिल खोडायला विसरले होते बिचारे.
भाईदास उठला: "पानी पेवाले गया, साहेब."
"मी थांबतो," साहेब म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसलेच.

तेवढ्यात शिपाई उखा नाना आत आले,
हातात कळशी, मिशी पांढरी.
"तू धुडकू?" साहेबांनी थट्टेने विचारलं असावं.
नानांनी एकदा सरांकडे बघितलं,
एकदा आमच्या सत्तेचाळीस तोंडांकडे,
कळशी खाली ठेवली:
"हो साहेब. सातव्यांदा बसतोय दहावीला.
गणित राहतं."

साहेब हसले की खोकले, नक्की कळलं नाही.
शेऱ्याच्या वहीत लिहून गेले:
"विद्यार्थ्यांमध्ये चिकाटी उत्तम."

यंदा दिवाळीच्या आधी
शिंदखेडा स्टेशनवर पॅसेंजरची वाट बघत होते,
दोन्ही हातांत पिशव्या,
मागून आवाज आला, तोच सूर:
"सत्तावीस. कल्पना रतिलाल मोरे."
"हजर सर!"
प्लॅटफॉर्मवरची माणसं वळून बघायला लागली.

सर वाळले होते. चष्मा अजून कपाळावर.
निंबाची चौकशी केली, सरलाची केली,
भाईदास निवडणुकीत रिक्षावर बसून घोषणा देतो
हे ऐकून म्हणाले, "चारही आवाजांत?"
मग जरा थांबून,
"आणि आपला वाघ?"

"सुरतला आहे, सर. साडीच्या मिलमध्ये.
दोन मुली. धाकटी भूगोलात कच्ची आहे."

सर रुळांकडे बघत राहिले, पश्चिमेला,
जिकडे तापीही जाते.
"त्याला सांग," म्हणाले,
"ते काठावरच्या शेताचं उत्तर,
मी आता पूर्ण धरलंय."